गाठीचं डोहाळजेवण

माझ्या पोटातून पुण्याच्या डॉक्टरांनी जी गाठ काढली, ती नेमकी केवढी होती हे आता मलाही सांगता येणार नाही. ऑपरेशनच्या टेबलावरून उतरले त्या आठवड्यात ती शहाळ्याएवढी होती. लोणावळा स्टेशनात उतरेपर्यंत तिचं कलिंगड झालं. औंढ्यात आमच्या ओसरीवर बायकांना सांगायला बसले तेव्हा ती तांब्याच्या घागरीएवढी भरली, आणि पुढं कुसगावच्या एका लग्नात अनोळखी बाईनं माझीच गोष्ट मला सांगितली, तिच्यात ती दोन बैल लावून ओढून काढली होती. मी मान डोलावली. म्हटलं, असेल बाई, मी तर शुद्धीवरच नव्हते.

खरं धरायचंच असेल तर एवढं धरा. दुसरी लढाई चालू होती, लोणावळ्याच्या बाजारात रॉकेलसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि मी चाळिशीला टेकले होते. माझं माहेर लोणावळ्यातलं, शिक्षण मराठी चौथी, सासर औंढ्याचं. आमचे मालक रेल्वेच्या गँगवर मुकादम. सगळा बोरघाट आपल्याच खांद्यावर उभा आहे, आपण खांदा बदलला तर मेल दरीत जाईल, असं त्यांचं बाहेरचं बोलणं. घरात आईसमोर मात्र तोंडातून वाफ निघायची नाही.

त्यांची आई म्हणजे माझी सासू. आम्ही दोघी सुना तिला आत्याबाई म्हणायचो. उंचीला माझ्या खांद्याइतकी, पण ओसरीवर येऊन बसली की ओसरी भरायची. तिनं डोळे वटारले की चुलीवरचं दूध उतू जायचं थांबायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर त्या वर्षी भात झोडून झालं आणि माझी पाळी थांबली. एक महिना गेला, दुसरा गेला, पोट वर यायला लागलं. माझा धाकटा तेव्हा मिसरूड फुटायच्या बेतात होता, म्हणजे बघा किती वर्षांनी. आत्याबाईंनी सुईणीला बोलावलं. तिनं पोट चाचपलं, डोळे मिटले आणि सांगून टाकलं, "पोरगाच हाय. आडवा बसलाय, मुकादमावानी."

आता तुम्ही म्हणाल, तीन बाळंतपणं झालेली बाई तू, तुला आतलं कळत नव्हतं का? कळत होतं हो. आत कुणी लाथ मारत नव्हतं, कुशीवर वळत नव्हतं, सगळा दगडाचा कारभार होता. पण त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मला बसल्या जागी गरम भाकरी आणि वर लोण्याचा गोळा मिळत होता. आत्याबाई स्वतः माझ्या अंघोळीचं पाणी काढत होत्या. जाऊ माझ्या वाटची धुणी धूत होती आणि प्रत्येक लुगडं दगडावर असं आपटत होती की जणू आत मीच आहे. अशा वेळी आपल्या पोटाला उगाच प्रश्न विचारणारी बाई मला दाखवा.

कुसगावला आत्याबाईंची धाकटी बहीण दिलेली होती. तिनं आपल्या सुनेचं डोहाळजेवण मळ्यात झोपाळा बांधून केलं होतं. ते पाहून आल्यापासून आत्याबाईंना अन्न गोड लागत नव्हतं. त्यांनी माझं करायचं ठरवलं. जाऊ हळूच म्हणाली, "आत्याबाई, पयल्या खेपंला करत्यात. हिची चौथी हाय."

"घरात इतक्या वर्सांनी पाळना हालनार हाय. म्या करनार. तुला यायचं नसंल तर भांडी घास."

झालं. खळ्यावर बैलगाडी उभी केली, तिला झेंडूच्या माळा बांधल्या, आणि मला हिरवं लुगडं नेसवून, फुलांचे दागिने घालून वर बसवलं. गाडीचा आस कण्हला. सगळं औंढं आलं, कुसगाव आलं, आत्याबाईंच्या बहिणीला तर मुद्दाम पुढंच बसवलं होतं. बायकांनी माझी ओटी भरली, गाणी झाली, आणि मग दोन झाकलेल्या वाट्या पुढं आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढ्याची वाटी उघडली तर मुलगा, बर्फीची उघडली तर मुलगी. मी एक वाटी उघडली.

वाटी रिकामी.

गर्दीत कुण्या कार्ट्यानं आतला ऐवज पळवला होता. खळ्यावर अशी शांतता पसरली की बैलांनी रवंथ करायचं थांबवलं. आत्याबाईंची बहीण पदराआड हसली. आत्याबाई क्षणभरच गडबडल्या असतील. मग कडाडल्या, "म्हंजी दोन्ही! जुळं हाय जुळं!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी दोघांचं जेवू लागले.

शिमग्याच्या सुमाराला माझं अंगावरून जायला लागलं. थोडंथोडकं नव्हे; न्हाणीघरातून रक्ताचा पाट. एक दिवस जायचं, दोन दिवस थांबायचं, पुन्हा जायचं. सुईण म्हणाली, पोर रागावलंय, नारळ फोडा. नारळ फोडले. कार्ल्याच्या आईला नवस बोलले. मी पांढरी पडत चालले. उठलं की डोळ्यांपुढं काजवे, जिना चढल्यासारखी छाती धडधडायची, आणि आमच्या घराला तर जिनाच नव्हता. एका सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या मी कलंडले, आणि शुद्धीवर आले तेव्हा अगदी स्वच्छ कळलं की आपण मरतोय. लोण्याच्या गोळ्याची सगळी मजा तिथंच संपली.

त्या दिवशी आमच्या मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा आईसमोर वाक्य पुरं केलं. म्हणाले, "आई, मी हिला लोनावळ्याच्या दवाखान्यात न्हेतो."

"डागदर कापत्यात! माज्या नातवास्नी चाकू लावू द्यायची न्हाई म्या."

"आई, नातू ऱ्हाऊ दे. ही चाललीया."

त्यांनी गँगवरचे गडी आणले, मला बाजेवर घातलं आणि उचललं. वाट उताराची, तरी बाज पुढं सरकेना. मान वळवून बघते तर चार गडी पुढं ओढतायत आणि एकट्या आत्याबाई बाजेचा खूर धरून मागं. अशी आमची वरात लोणावळ्यात शिरली. बाजारातली माणसं आधी बाजूला झाली आणि मग मागोमाग आली.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा, पांढरं लुगडं, बोलणं हळू. त्यांनी मला नीट तपासलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "आजी, पोटात बाळ नाही. गर्भाची पिशवी असते ना, तिला गाठ आली आहे. म्हणून हे रक्त जातंय. पुण्याला मोठ्या सरकारी इस्पितळात न्यावं लागेल. वेळ घालवू नका."

आत्याबाईंचा चेहरा खळ्यावर रिकामी वाटी निघाली तेव्हासारखा झाला. "बाई, गाठीचं कुनी डोहाळजेवान करतं का? समद्या गावानं ओटी भरलीया हिची. जुळं हाय."

डॉक्टरीणबाई भांडल्या नाहीत. त्यांनी ऐकायची लाकडी नळी आत्याबाईंच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुम्हीच ऐका."

आत्याबाईंनी नळी माझ्या पोटावर ठेवली, कान लावला. आत्याबाईंचे डोळे मोठे झाले. "बोलतंय की! गुडगुड करतंय!"

"ती आतडी आहेत, आजी."

"तुमाला काय ठावं?"

बाहेर ओसरीवर एक पोटुशी बाई नंबर लावून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं, शेजारी निजवलं, आणि नळी नेमकी जागा बघून टेकवली. "आता इथं ऐका."

आत्याबाई वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "घोडं दौडतंय गं बाई."

"हा बाळाचा ठोका. आता परत सुनेच्या पोटावर ऐका."

परत आल्या. या खेपेला त्यांनी नळी चार ठिकाणी फिरवली. वर, खाली, डाव्या कुशीत, उजव्या कुशीत. प्रत्येक ठिकाणी थांबल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आधी त्यातला राग गेला, मग तोरा गेला, आणि शेवटी नळी उचलली तेव्हा माझ्यासमोर एक नुसती म्हातारी बाई उभी होती. तिनं माझ्या पोटावरचा पदर नीट केला. मग मालकांकडं वळली आणि ओरडली, "हुबा काय ऱ्हायलास खांबावानी? पुन्याची गाडी कवाची हाय?"

त्या गाडीत खूर धरून मागं ओढणारं कुणी नव्हतं. तळेगावला गाडी जास्त वेळ थांबली म्हणून आत्याबाई गार्डाला जे बोलल्या, ते लिहायला मराठी चौथी पुरत नाही.

पुण्याचं ते सरकारी इस्पितळ म्हणजे औंढं, कुसगाव आणि वर आणखी दोन गावं मावतील एवढं. बायकांच्या वॉर्डात खाटांची रांग अशी लांब की शेवटच्या खाटेवर सकाळचा चहा पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. तिथं मला पहिल्यांदा कळलं की पिशवी काय काय छळ करू शकते. माझ्या उजवीकडची बाई वर्षभर रक्त जाऊन वाळली होती, नुकतंच तिचं ऑपरेशन झालेलं. डावीकडची एक मुळशीची शेतकरीण, ओझी उचलून तिचं अंग बाहेर आलेलं, म्हणजे पिशवीच खाली उतरलेली, बसता येईना की उठता येईना. समोरच्या खाटेवर एक पुण्याची सवाष्ण होती. तिला आतून कसलीशी वाईट जखम होती आणि लाजेपायी ती फार उशिरा आली होती. तिघींनाही मी आमच्या बैलगाडीवरच्या डोहाळजेवणाची गोष्ट सांगितली. उजवीकडची इतकी हसली की आया धावत आली आणि मला दम देऊन गेली, "हिचे टाके उसवले तर तुझ्या लुगड्याच्या दोऱ्यानं शिवीन!"

मोठे डॉक्टर आले. उंच, टक्कल, पुणेरी बोलणं. म्हणाले, "गाठी एक नाही, पुष्कळ आहेत. एकेक काढत बसलो तर रक्त थांबणार नाही. पिशवीच काढून टाकावी लागेल."

मालकांनी घाबरत विचारलं, "साहेब, मग आत पोकळी ऱ्हाईल की. तितं काय ठेवनार?"

"काही नाही ठेवणार. आतडी पसरून बसतील. त्यांना जागा कमीच होती."

आत्याबाई मात्र गंभीर होत्या. "डागदर, पिशवीबिगर बाई कशी ऱ्हाती?"

"आजी, पिशवी राहिली तर बाई राहणार नाही."

यावर आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मालकांना म्हणाल्या, "कर सही."

पण एक अडचण होती. माझ्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. कुणाचं तरी भरल्याशिवाय चाकू लावता येणार नाही म्हणाले. मालकांनी मोठ्या दिमाखात बाही वर केली. "काढा किती काढायचं ते!" सुई जवळ आली मात्र, सगळा बोरघाट जमिनीवर आडवा. तोंडावर पाणी मारून उठवलं, थेंबभर काढून तपासलं, तर ते माझ्याशी जुळेना. मग आत्याबाईंनी हात पुढं केला.

"आजी, तुमचं वय झालंय."

"तुज्या बापाचं वय झालंय. बघ तरी आदी."

बघितलं, आणि जुळलं! उभ्या मावळात ज्या दोघींचं एका गोष्टीवर कधी जुळलं नव्हतं, त्यांचं रक्त जुळलं. डॉक्टरांनी कुरकुरत एक बाटली घेतली. आत्याबाईंनी ती डोळ्यांसमोर भरताना पाहिली आणि नर्सला बजावलं, "सांडू नगंस. ह्ये रगत म्हशीच्या दुधावर पोसलंय."

ऑपरेशनच्या सकाळी नाकावर औषधाचा बोळा धरला आणि आकडे मोजायला सांगितले. मी चौथी पास असल्याचा तोरा दाखवायला थेट पावकी म्हणायला लागले. पाव, अर्धा, पाऊण, आणि त्यापुढं सगळं कोरं. नंतर नर्स म्हणाली की बेशुद्धीत मी मोठ्या डॉक्टरांना भात लावायला खाचरात उतरवलं आणि रोपं वाकडी लावली म्हणून सगळ्यांसमोर झापलं. डॉक्टर म्हणे "हो बाई, चुकलं बाई" म्हणत गाठी काढत होते.

जागी झाले तेव्हा पोट सपाट होतं आणि दुखत असं होतं की जणू वरून मालगाडी गेलीय. पण पहिले काही दिवस ठीक गेले. नव्या रक्ताचा गुण मात्र लगेच दिसला. मी आयेवर खेकसले, शेजारणीच्या नवऱ्याला ताटकळत उभं केलं, आणि मालक उशिरा आले म्हणून डोळे वटारले. मालक भिंतीला टेकून पुटपुटले, "देवा, आता घरात दोन झाल्या."

मग टाके पिकले. ताप भरला. लघवी अडली, नळी घालावी लागली. जखमेचा एक कोपरा उघडला आणि रोज त्यातून पू काढताना मी अशी किंचाळायचे की बाहेर टांग्याचे घोडे उधळायचे. हल्लीसारखी सुई तेव्हा कुठली? लढाईवरच्या सोल्जरांना देतात त्या नव्या गोळ्या निघाल्या होत्या, त्या दिल्या. त्यांनी ओकारी यायची. तापात मला वाटे, आपण वाचलो हा सगळा भासच होता. समोरच्या सवाष्णीची खाट एका सकाळी रिकामी दिसली, गादी उन्हात टाकलेली. त्या दिवशी मी कुणाला गोष्ट सांगितली नाही.

आत्याबाई पुण्यातून हलल्या नाहीत. इस्पितळाच्या आवारात झाडाखाली दगड मांडून चूल केली होती, तिथंच भाकरी, तिथंच झोप. ताप चढला त्या दिवशी त्या कार्ल्याच्या आईचा अंगारा घेऊन आत घुसल्या. मोठे डॉक्टर खाटेपाशीच होते. म्हणाले, "आजी, जखमेजवळ राख नको. पेशंटला लावायची नाही."

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "बरं. मंग तुला लावते. हात तुजंच चालनार हायती." आणि खाटेवर एक गुडघा टेकून त्यांनी त्या उंच माणसाच्या कपाळाला अंगठ्यानं अंगारा लावला. नर्सच्या हातातला ट्रे वाजला. डॉक्टरांनी कपाळ पुसलं नाही आणि तसेच पुढच्या खाटेकडं गेले. त्यांच्यामागून शिकाऊ डॉक्टरांची रांग खाली मान घालून चालली होती, हसू दाबत.

गोळ्यांनी म्हणा, अंगाऱ्यानं म्हणा, ताप उतरला. जखम भरत आली. चैत्र संपता संपता मी काठीसारखी बारीक होऊन पण उभी चालत औंढ्यात शिरले.

गावात आधीच बोलबाला झाला होता. पिशवी काढलेल्या बाईला मिशा फुटतात म्हणे. आवाज घोगरा होतो म्हणे. जाऊ रोज सकाळी माझ्या वरच्या ओठाकडं निरखून बघायची. मिशा काही आल्या नाहीत. अंगातून वाफा मात्र निघायच्या. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पाळी अचानक संपली की असं होतं, घाबरू नका. मी कसली घाबरते! भर पावसाळ्यात सगळं घर गारठलेलं असायचं आणि माझ्या पाठीवर ओलं लुगडं वाळत टाकलं तर कडक होऊन निघायचं.

त्यानंतर बायका यायला लागल्या. आधी पोट बघायला. मी टाक्यांची रेघ दाखवायचे, गोष्ट सांगायचे, हशा व्हायचा. मग हशा ओसरला की एखादी मागं रेंगाळायची, चूल फुंकायचं निमित्त काढायची आणि खाली बघून म्हणायची, "मलाबी तसंच जातंय गं." मी त्यांना लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगायचे. आत्याबाई आत भांड्यांचा आवाज करत बसायच्या.

श्रावणात एका दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. आत्याबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यो डागदर आंग भाईर आल्यालंबी नीट करतो व्हय?"

"करतो की. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचं केलं. कुणाचं आहे?"

"आसंल कुनाचंबी."

सूप चालूच होतं. तांदूळ केव्हाच स्वच्छ झाले होते.

"आत्याबाई?"

"तुज्या दिराच्या बाळतपनात तिसऱ्या दिशी भाताचा भारा उचलला व्हता. तवापासनं. चिंधी बांधून ऱ्हाते. पावसाळ्यात लय तरास व्हतो."

माझा दीर तेव्हा पस्तिशीचा होता. एवढी वर्षं ही बाई चिंधी बांधून खाचरात वाकली होती, पाण्याच्या घागरी आणत होती, माझ्या बाजेचा खूर ओढत लोणावळ्यापर्यंत चालली होती आणि पुण्यात झाडाखाली दगडावर निजली होती.

"अहो, एवढं इस्पितळात राहिलात, तेव्हाच नाही का सांगायचं!"

"तवा तू मरत व्हतीस. मदी माजं काय सांगू?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आनि तू मेली आसतीस तर म्या कवाच सांगितलं नसतं. आता तू हितं बसून समद्या गावाला पोट दाखवतीयास, मला वाटलं, इचारावं."

भाद्रपदात मी त्यांना घेऊन पुण्याला गेले. या खेपेला पुढं मी आणि मागं त्या. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला वॉर्डात पाहिलं आणि काही बोलायच्या आत वाकून कपाळ पुढं केलं. आत्याबाईंनी कनवटीची पुडी सोडली. त्यांच्या ऑपरेशनला पोट फाडावं लागलं नाही, पिशवी खालूनच काढली, ताप नाही की पू नाही. वॉर्डातल्या नव्या बायकांना त्यांनी माझी गोष्ट माझ्यादेखत सांगितली, आणि मी एवढी वर्षं थापा मारतेय पण त्यांच्यापुढं मी पाळण्यातलं लेकरू.

परत आलो तेव्हा भातं पिवळी झाली होती, कापण्या चालू होत्या. लोणावळ्याहून बैलगाडी केली होती, कारण त्यांना अजून चालायची मनाई होती. औंढ्याच्या शिवेवर एका खाचरात बायका विळे घेऊन ओळीनं कापत होत्या. गडी दूर झाडाखाली भाकरी खात बसले होते. बायकांमधली एक ओळखीची, आत्याबाईंच्याच वयाची, कमरेवर हात देऊन ओरडली, "कुटं गेलती गं इतकं दीस? लेकीकडं?"

मला वाटलं, आता ही 'व्हय' म्हणेल आणि गाडी पुढं जाईल. एवढी वर्षं झाकलेली गोष्ट होती.

आत्याबाईंनी गाडीवानाला बैल थांबवायला लावले. माझ्या खांद्याला धरून गाडीत उभ्या राहिल्या आणि खाचराच्या पार पलीकडं जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "न्हाई गं! पुन्याला गेलते. माजं आंग भाईर येत व्हतं, पिशवी काढून आले! आता ब्येस हाय. तुजं कसं काय हाय?"

झाडाखालच्या गड्यांचे घास हातातच राहिले. गाडीवान बैलांच्या शिंगांकडं बघायला लागला. ओळीतल्या बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या. ती म्हातारी मात्र हसली नाही. तिनं विळा चिखलात रोवला, मागं वळून गडी किती लांब आहेत ते एकदा बघितलं, आणि लुगड्याचा ओचा सावरत, पाय फाकवून, सावकाश बांधाकडं चालत आली.